शिक्षकाचे मन आणि मुख्यालयाचा दाखला

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’मुळे हे जंगल मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले. त्यात शिरण्याची एक वाट गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, चोरखमारा गावापाशी आहे. गावाला मोठा तलाव आहे, आसपास धानाच्या बांध्या आहेत, आणि हंगामात वनविभागाच्या फाटकावर पर्यटकांच्या गाड्या लागतात. जंगलाच्या कडेच्या अशा गावांत पर्यटक पहाटे येतात. साडेनऊ-दहाच्या सुमारास आणखी एक माणूस बाहेरगावाहून दुचाकीवर येतो. तो जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक. ऐन-सागाच्या सावल्या रस्त्यावर आडव्या व्हायच्या आत त्याला परतायचे असते. उन्हाळ्याच्या तोंडावर मोह गळू लागला की अस्वले रस्त्यालगत येतात, तेव्हा तर ही घाई अधिकच.

या माणसाच्या मनात काय चालते, याविषयी आपल्याकडे दोनच बोलणी ऐकू येतात. पहिले बोलणे असे: “मास्तरांना कसला ताण? सातवा वेतन आयोग आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, दिवाळीची आहे.” दुसरे बोलणे सहानुभूतीचे असते: ताण आहे खरा, तेव्हा शिक्षकांनी प्राणायाम करावा, सकारात्मक विचार करावा, तालुक्याला ताणव्यवस्थापनाचे एक दिवसाचे शिबिर घ्यावे. एकमेकांविरुद्ध वाटणारी ही दोन्ही मते मला सारखीच उथळ वाटतात. दोघांच्याही दृष्टीने ताणाचे मूळ शिक्षकाच्या अंगातच असते. पहिल्याला तो आळस वाटतो, दुसऱ्याला दुबळेपणा.

माझे म्हणणे वेगळे आहे. शिक्षकाच्या मनाची झीज प्रामुख्याने त्याच्या नेमणुकीच्या अटींतून होते. हातात अधिकार नसताना अंगावर पडलेली जबाबदारी, प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारा अविश्वास, आणि नियमानेच वदवून घेतलेले खोटे या तीन गोष्टी त्याला पोखरतात. ज्यांना आपण त्याची ‘वैयक्तिक’ कारणे म्हणतो, त्यांतलीही बरीचशी या अटींच्याच पोटी जन्मलेली आहेत. हे पटत असेल तर शिक्षकाचे मानसिक आरोग्य हा समुपदेशकाच्या आधी ग्रामविकास आणि शालेय शिक्षण खात्यांचा प्रश्न ठरतो.

1. ‘वैयक्तिक’ कारणे येतात कुठून?

शिक्षकांच्या ताणाची कोणतीही प्रश्नावली घ्या. तिचे साधारण दोन भाग असतात. एका भागात वय, स्त्री की पुरुष, विवाहित की अविवाहित, मुले किती, घर किती लांब. दुसऱ्यात नोकरीची वर्षे, नेमणुकीचा प्रकार, वर्गातली मुले, कामाचे तास. पहिला भाग माणसाचा, दुसरा नोकरीचा. अभ्यासाच्या सोयीसाठी ही विभागणी ठीक आहे, पण ती खरी मानून बसलो की आपण फसतो.

‘विवाहित’ हा रकाना घेऊ. 2017 मध्ये आलेल्या पवित्र पोर्टलवरून भरती होऊ लागल्यापासून बीड, लातूर, नांदेडकडची मुलेमुली गुणवत्तेने गोंदिया, गडचिरोलीत नेमली जातात. नोकरी मिळाल्याचा आनंद खराच असतो. मग लग्न होते, जोडीदार नोकरीला किंवा शेतीला सहाशे-सातशे किलोमीटरवर राहतो, आणि आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणे सुरू होते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली मागणाऱ्यांसाठीही संवर्ग आहेत, पती-पत्नी एकत्रीकरणाला तीस किलोमीटरचा निकष आहे, प्राधान्यक्रम भरायचा असतो, वेळापत्रक पुढे ढकलले जाते. असा शिक्षक प्रश्नावलीत ‘विवाहित’वर खूण करतो. त्याची झोप उडालेली दिसली की अभ्यासक लिहितो, विवाहितांमध्ये ताण अधिक आढळला. त्या आकड्यात लग्नाचा भाग किती आणि बदली धोरणाचा किती, हे कोणी वेगळे केलेले नसते.

‘वय’ घ्या. महाराष्ट्रात 2000 साली शिक्षण सेवक योजना आली. प्राथमिक शिक्षकाने पहिली तीन वर्षे महिना 3,000 रुपयांच्या मानधनावर काम करायचे. पुढे ही रक्कम 6,000 झाली आणि 2023 मध्ये 16,000. तरुण शिक्षकाची अस्वस्थता वयाची म्हणायची की या तीन वर्षांची, ज्यांत तो त्याच वर्गाला तेच शिकवून शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याच्या पगाराचा लहानसा तुकडा घरी नेतो? दुसऱ्या टोकाला पन्नाशीच्या आतबाहेरचा शिक्षक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी निर्णय दिला, की ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे अशा शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी. गुणवत्तेचा आग्रह मला मान्य आहे. पण वीस-पंचवीस वर्षे शिकवलेला माणूस आज रात्री मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाशी बसून स्वतः परीक्षेचा अभ्यास करतो आणि नापास झालो तर घराच्या कर्जाचे काय, हा हिशेब मांडतो. तो हिशेब प्रौढ वयातली चिंता म्हणून नोंदवला जाईल.

1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च 2023 मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा सात दिवस संप झाला तो याच प्रश्नावर. ‘भविष्याची चिंता’ नावाच्या रकान्यामागे अशी एक तारीख उभी आहे.

आणि विनाअनुदानित शाळा. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ शब्द 2009 मध्ये काढला गेला, अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांत देण्याचे ठरले, आणि त्या टप्प्यांची वाट पाहत माणसे आझाद मैदानावर म्हातारी होत आली. दहा-पंधरा वर्षे अर्धपगारी किंवा बिनपगारी शिकवणाऱ्या माणसाला ‘घरात आर्थिक कलह आहे का?’ असे विचारून त्याचे उत्तर वैयक्तिक सदरात टाकणे मला अन्यायाचे वाटते.

2. मुख्यालयाचा दाखला

आता मी ज्याला सर्वांत अधिक घातक मानतो त्या गोष्टीकडे येतो. बाहेरच्या माणसाला ती किरकोळ वाटेल.

ग्रामीण शिक्षकाने नेमणुकीच्या गावी, म्हणजे मुख्यालयी, राहावे, असा नियम आहे आणि घरभाडे भत्ता त्याला जोडलेला आहे. सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाने तर शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी गावात राहतात याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला. 2022 मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी हा प्रश्न विधानसभेत लावून धरला, शिक्षक संतापले, मोर्चे निघाले. बंब यांच्या प्रश्नात तथ्य होते. गावात राहणारा शिक्षक गावाचा होतो, आणि राहत नसलेल्याने भत्ता घ्यावा हे बरोबर नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट कोणी विचारली नाही: गावात राहायचे कुठे?

जंगलाच्या कडेच्या गावात भाड्याची खोली मिळते ती बहुधा कोणाच्या घराची पुढची पडवी. एकट्या शिक्षिकेने तिथे राहायचे म्हणजे अंघोळ आणि शौचालय दुसऱ्याच्या अंगणातून. शिक्षकाच्या स्वतःच्या मुलाला आठवीनंतर शाळा हवी, म्हाताऱ्या वडिलांना डॉक्टर हवा, जोडीदाराची नोकरी तिरोड्याला किंवा गोंदियाला. म्हणून तो रोज ये-जा करतो. आणि ये-जा करताना वर्षातून ठरलेल्या वेळी लिहून देतो, की मी मुख्यालयी राहतो. मुख्याध्यापकाला ठाऊक असते. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखाला ठाऊक असते. बहुधा तोही असेच लिहून देतो. सरपंचाला ठाऊक असते, आणि ठराव त्याच्याच सहीने येतो.

सगळ्यांना माहीत असलेले हे खोटे माणसाचे तीन प्रकारे नुकसान करते.

एक म्हणजे तो कायमचा कात्रीत सापडतो. गावात कोणाशी खटका उडाला, पोषण आहाराच्या बिलावर सही करायला नकार दिला, एखाद्या पालकाला मुलाच्या गैरहजेरीबद्दल टोकले, की दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज येतो: अमुक शिक्षक मुख्यालयी राहतात त्याचा पुरावा द्या. अर्ज प्रत्येक वेळी येत नाही. येऊ शकतो एवढे पुरेसे असते. अशी टांगती तलवार बाळगणारा माणूस हळूहळू टोकायचे सोडून देतो.

दुसरे नुकसान त्याच्या आवाजाचे. आपल्या फायलीत एक कच्चा कागद आहे हे माहीत असलेला माणूस वरच्याच्या अन्यायाविरुद्ध ठामपणे उभा राहत नाही. शिक्षक एवढे सोसून गप्प का, असे लोक विचारतात. त्या गप्पपणाचे एक कारण हा दाखला आहे.

तिसरे नुकसान सर्वांत खोल जाते. सकाळी परिपाठात ‘नेहमी खरे बोलावे’ हा सुविचार फळ्यावर लिहायचा आणि दुपारी कार्यालयात तो दाखला द्यायचा. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना 1990 च्या दशकात एक कल्पना मांडली: नैतिक जखम. अधिकाराच्या जागी बसलेल्यांनी जे योग्य त्याचा घात केला की माणसाच्या चारित्र्यालाच इजा होते, आणि ती इजा भीतीच्या इजेपेक्षा वेगळी असते. युद्ध आणि शाळा यांची तुलना मला करायची नाही. पण ज्याचे सगळे काम आपल्या शब्दाच्या विश्वासार्हतेवर चालते, त्याच्याकडून वर्षानुवर्षे खोटे लिहून घेणे ही त्याच जातीची, बारीक आणि रोजची, जखम आहे. ती प्राणायामाने भरत नाही. दाखला रद्द केला तर भरायला लागेल.

3. जबाबदारी इथे, अधिकार तिथे

कामाच्या ताणाविषयी रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलेला सिद्धान्त साधा आहे. नुसता कामाचा रेटा माणसाला मोडत नाही. रेटा मोठा आणि ते काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा लहान, अशी जोडी जमली की तो मोडतो. सर्जनवर रेटा असतो, पण निर्णय त्याचा असतो. शिक्षकाच्या वाट्याला ही वाईट जोडी आली आहे.

दुपारच्या जेवणाचे उदाहरण जवळून पाहू. पटावर 23 मुले, आज हजर 19. प्राथमिक वर्गाला दरडोई 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 1 किलो 900 ग्रॅम. शिक्षक तागडीने मोजून देतो, स्वयंपाकीण ताई चूल पेटवते. जेवायच्या वेळी तिसरीतल्या मुलीबरोबर तिचा धाकटा भाऊ ताटली घेऊन येतो, कारण आई रोवणीला गेली आहे. त्याला परत पाठवणारा शिक्षक मी पाहिलेला नाही. पण मोबाईलवर आजचे लाभार्थी भरताना आकडा 19 च असतो, आणि साठ्याच्या वहीत तांदूळ जुळवावा लागतो. माणुसकीने वाढलेल्या एका वाढीचा हिशेब त्याच्या डोक्यात राहतो. तपासणीत तांदूळ दोन किलो कमी भरला तर खुलासा त्याने द्यायचा. भावाला जेवू घालण्याचा अधिकार मात्र त्याला कोणी दिलेला नाही.

गैरहजेरीचेही तसेच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मग तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी. घर पहाटेच जंगलात किंवा बांधीत जाते आणि मोठी मुले बरोबर जातात, लहान भावंडांना सांभाळतात. मूल शाळेत येईना तर जबाबदार शिक्षक. पण त्या काळात शाळेची वेळ बदलणे, सुट्टी गावाच्या हंगामाशी जुळवणे त्याच्या हातात नाही. मूल घरी पोवारी, गोंडी किंवा हिंदी बोलते, पुस्तक प्रमाण मराठीत असते, आणि भाषेच्या चाचणीत ते मागे पडले तर प्रगतीचा आलेख शिक्षकाचा घसरतो. पहिले वर्ष मुलाच्या भाषेत काढू द्या, असे म्हणणाऱ्या शिक्षकाला आधी दर महिन्याच्या उद्दिष्टांचा तक्ता दाखवला जातो.

याच्या वर कागद. यू-डायस प्लस, शालार्थ, सरल, अपार ओळखक्रमांक, निपुण महाराष्ट्र, नवसाक्षरांचे सर्वेक्षण, स्वच्छता पंधरवडा, परसबाग, वृक्षारोपणाचे फोटो. प्रत्येक उपक्रम एकटा घेतला तर चांगलाच असतो. पण प्रत्येकाला पुरावा लागतो, पुराव्याला फोटो, फोटोला रेंज. जंगलालगतच्या गावांत रेंजसाठी उंचवट्यावर किंवा तलावाच्या पाळीवर जावे लागते, आणि तेवढा वेळ वर्गात मोठी मुलगी लहानांना पाढे म्हणायला लावते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 सांगते, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढे सोडून शिक्षकाला शिक्षणेतर काम देऊ नये. ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची यादीही केली. यादीने एक झाले: जी कामे शैक्षणिकच्या रकान्यात बसली, त्यांच्याविरुद्ध तक्रार करायलाही आता जागा नाही.

शिक्षक एकटा असेल तर हे सगळे दुणावते. 2024-25 च्या यू-डायस प्लसनुसार देशात एकशिक्षकी शाळा एक लाखाहून अधिक आहेत आणि महाराष्ट्रात आठ हजारांहून अधिक. सप्टेंबर 2024 मध्ये राज्याने कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एका पदावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचे धोरण आणले, आणि 25 सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन निषेध केला. लोकांना ते पदांसाठीचे आंदोलन वाटले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. शाळेतला दुसरा शिक्षक म्हणजे आजारी पडायची सोय, चार शब्द बोलायची सोय, वर्गात रडू आवरेनासे झाले तर पाच मिनिटे बाहेर जायची सोय. चार वर्गांसमोर एकटा उभा असलेला माणूस सकाळी साडेदहापासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्या प्रौढ माणसाशी बोलतो ते फक्त फोनवर, आणि तो फोनही बहुधा माहिती मागणारा असतो.

4. आधी पेटलेला दिवाच विझतो

क्रिस्टिना मास्लाक यांनी 1980 च्या सुमारास कामातून येणाऱ्या रितेपणाची तीन लक्षणे नोंदली: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याला कामाशी निगडित स्थिती म्हटले. शब्द लक्षात घ्या: कामाशी निगडित. ही अवस्था त्यालाच येते ज्याने आधी जीव ओतला होता. ज्याला सुरुवातीपासूनच काही पडलेले नव्हते, त्याचा फोटो वेळेवर अपलोड होतो, कागद पूर्ण असतो आणि रात्री झोपही लागते. कागदावर चालणारी व्यवस्था त्याला बक्षीस देते आणि पहिलीतल्या मुलाला अक्षर लागत नाही म्हणून अस्वस्थ होणाऱ्याला नोटीस.

कोरडेपणाचे लक्षण तर आपण हमखास चुकीचे वाचतो. शिक्षक मुलांवर खेकसतो, शेवटच्या बाकाकडे पाहीनासा होतो, मंडईच्या उत्सवात गावाने बोलावले तरी जात नाही. गाव म्हणते, मास्तर माजला. पुरुष शिक्षकाचे दुखणे पुष्कळदा दारूच्या वाटेने बाहेर पडते, मग त्याचे निलंबन होते आणि बातमी छापली जाते. शिक्षिकेचे दुखणे डोकेदुखी, पित्त, पाठदुखी होऊन बाहेर पडते आणि ‘बायकांची नेहमीची रडगाणी’ म्हणून सोडून दिले जाते. तिची शाळा सुटते तेव्हा तिच्या दिवसाची दुसरी पाळी सुरू होते, हे तर आपण कामाच्या तासांत धरतच नाही.

5. आक्षेप

या सगळ्यावर जे म्हटले जाईल त्यातला सर्वांत वजनदार आक्षेप पगाराचा आहे. स्वयंपाकीण ताईला महिन्याला 2,500 रुपये मिळतात, आशा ताई मानधनासाठी झगडते, धान उत्पादकाला बोनसची वाट पाहावी लागते. त्यांच्यासमोर कायम शिक्षकाच्या दुःखाचे काय सांगता? मी हा आक्षेप मनापासून मानतो. कायम शिक्षकाच्या पगाराने त्याला उपासमारीपासून, सावकारापासून वाचवले आहे, आणि ही लहान गोष्ट नाही. पण योहानेस सिग्रिस्ट यांनी 1996 मध्ये दाखवले, की श्रमाचा मोबदला पैसा, मान आणि स्थैर्य या तिन्हींत मोजावा लागतो. एक भरपूर देऊन इतर काढून घेतले तरी तोल जातो. शिवाय ‘शिक्षक’ या एका शब्दात कायम शिक्षक, शिक्षण सेवक, टप्पा अनुदानवाला, कंत्राटी आणि आश्रमशाळेतला रोजंदारी शिक्षक असे पाच वेगवेगळे पगार दडलेले आहेत. आणि ताईचे मानधन वाढले पाहिजे, हे शिक्षकाचे दुखणे नाकारून सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप: कामचुकार शिक्षक आहेत, मुलांना वाचता येत नाही, मग पुरावे नको मागायला? मागा. पण मुलाला वाचता येते का हे मुलाजवळ बसून पाहा. केंद्रप्रमुखाने महिन्यातून एकदा वर्गात बसून दहा मुलांकडून उतारा वाचून घेतला, तर पन्नास फोटोंपेक्षा अधिक कळेल आणि कामचुकार तिथेच उघडा पडेल.

तिसरे म्हणणे जुन्या गुरुजींविषयीचे. ते नदी ओलांडून, पायी जात, तक्रार करत नसत. खरे आहे. पण गुरुजींच्या शब्दाला गावात वजन होते, पत्र वाचायला, कागद लिहायला गाव त्यांच्या दारात यायचे, आणि मुले किती वेळ कवायत करतील हे तेच ठरवायचे. त्यांच्याकडे नदी होती आणि अधिकारही होता. त्यांच्यातही किती जण आतून मोडले हे आपल्याला ठाऊक नाही, कारण तेव्हा त्या दुखण्याला नाव नव्हते.

चौथा आक्षेप विचारी माणसाचा आहे. एकाच शाळेत दोन शिक्षक, एक कोसळतो, दुसरा हसत असतो. मग फरक माणसातच नाही का? आहे. मनाचा आजार खरा आजार आहे, त्यात आनुवंशिकता असते, बालपण असते, शरीर असते, आणि तो झाला की डॉक्टर आणि औषध लागते. हे नाकारणारा मी नाही. पण बांधीत पाणी चढते तेव्हा धुरा, म्हणजे बांध, जिथे कच्चा तिथून फुटतो. शेतकरी धुरा बुजवतो, आणि त्याच वेळी वरून येणाऱ्या पाण्याला वाट करून देतो. नुसता धुरा बुजवत बसला तर तो पुढच्या रात्री दुसरीकडे फुटतो.

6. करायचे काय

जपानचे शिक्षण मंत्रालय दरवर्षी सांगते, की मनाच्या आजारामुळे सार्वजनिक शाळांतले किती शिक्षक रजेवर गेले. 2023 च्या आर्थिक वर्षात तो आकडा 7,119 होता, आणि त्यावर तिथे कामाच्या तासांची चर्चा होते. आपला यू-डायस प्लस शौचालये, नळ, वर्गखोल्या विचारतो, शिक्षकाचे किती दिवस इतर कामात गेले हेही विचारतो. मनाच्या आजाराने घेतलेल्या रजांचा रकाना त्यात नाही. तो आधी यायला हवा, नाव न घेता, जिल्हावार.

मुख्यालयाचा दाखला रद्द करावा. अवघड भागात केंद्राच्या गावी शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामसेवक यांच्यासाठी राहण्याजोगी घरे बांधावीत, आणि ती बांधून होईपर्यंत भत्ता आणि राहण्याची सक्ती यांची गाठ सोडवावी. प्रत्येक शाळेत, पट कितीही असो, दोन शिक्षक असावेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षकच सांगितले आहेत, त्यात खालची मर्यादा नाही. ऑनलाइन नोंदींसाठी केंद्रपातळीवर एक माहिती सहायक नेमावा. आणि शाळेची वेळ, मोहाच्या आणि रोवणीच्या दिवसांतली सुट्टी ठरवायचा अधिकार शाळा व्यवस्थापन समिती आणि शिक्षक यांना मिळावा. हा शेवटचा बदल जवळजवळ फुकट आहे आणि मला वाटते सर्वांत गुणकारीही.

उपचाराचे म्हणाल तर 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. त्यात मनोविकार असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. पूर्व विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ असला तरी तिथल्या बाकावर बसलेला शिक्षक ओळखला जाईल, ही भीती त्याला दाराशीच अडवते. बदलीच्या पहिल्या संवर्गात हृदयशस्त्रक्रिया, कॅन्सर, मूत्रपिंडाचा आजार यांची प्रमाणपत्रे लोक निःसंकोच लावतात. मनाच्या आजाराचे प्रमाणपत्र घेऊन त्या रांगेत उभे राहायला किती जण धजावतील? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. रजेच्या अर्जावर आजाराचे नाव कार्यालयीन लिपिकासमोर उघडे पडणार नाही, अशी पद्धत शिक्षण विभागाने त्या हक्कासाठी घालून द्यावी. आणि हे वाचणारा कोणी शिक्षक, शिक्षिका आज त्या काठावर असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. फोन करा. नोकरीच्या अटी बदलायला वेळ लागेल, तोवर तुम्ही असायला हवे आहात.

फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेसाठी माणसे मोजली जाणार आहेत. ते काम देशाचे आहे आणि कायद्यानेही शिक्षकाला त्यातून सूट नाही. तेव्हा तुमच्या दारी येणारा प्रगणक शिक्षकच असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला बसायला सांगा, पाणी द्या, तुमच्या कुटुंबाची माहिती नीट सांगा. मग एवढे विचारा: “गुरुजी, आज तुमच्या शाळेत कोण आहे?” उत्तर “कोणी नाही” असे आले, तर शाळेचे नाव आणि तारीख लिहून घ्या आणि तुमच्या आमदाराला व जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याला लेखी कळवा.